क्लोज्ड-बॅक हेडफोन: आधी चष्मा लावून बघा, मग आवाजाचं बोलू

खरजातला_सा (फोंडा)

मृगाच्या पहिल्या सरीपासून आमच्या माडीवर हेडफोनांचा बाजार भरलाय. तीन जोड आहेत, त्यातला एकही माझा नाही. एक पणजीच्या मित्राचा, एक भाच्याचा आणि एक ज्यांच्याकडे मी मिक्सिंग (वेगवेगळे ट्रॅक एकत्र जुळवणं) शिकलो त्यांचा. चवथीच्या आधी स्वतःचा घ्यायचाय, म्हणून महिनाभर तिन्ही आळीपाळीने डोक्यावर चढवले. जे कळलं ते मांडतो, तुमचंही सांगा.

क्लोज्ड-बॅकच, म्हणजे मागून बंद वाट्यांचाच का, ते आधी. घरी भजनं आणि नाटकाची पदं रेकॉर्ड करतो. आधी पेटी-तबला, मग त्यावर गायक. माझा जुना जोड ओपन-बॅक, वाट्या मागून उघड्या. ऐकायला फार गोड, पण गायकाच्या कानातली पेटी थेट माइकमध्ये शिरते. गेल्या वर्षी एका पदात पेटीचे दोन सूर बदलायचे होते. पेटीचा ट्रॅक बंद केला, तर गळ्याच्या ट्रॅकमागे जुनी पेटी आपली बारीक किणकिणतेच आहे! अख्खं पद परत गाऊन घेतलं. गायक मावसभाऊ होता म्हणून शिव्यांवर भागलं.

आता परीक्षा. पहिल्या दिवशी मीही सगळ्यांसारखाच चुकलो: आवडती गाणी लावली आणि 'वा, काय बास आहे' म्हणत बसलो. दुसऱ्या दिवशी चष्मा लावून तीच गाणी ऐकली, तर बास गायब. क्लोज्ड-बॅकचा सगळा खर्ज गादी कानाभोवती किती घट्ट बसते यावर उभा असतो. चष्म्याची काडी गादीखालून जाते, तिथे फट पडते, आणि खालचे सूर त्या फटीतून निघून जातात. फट कोणाच्या केसांनी पडते, कोणाच्या कानातल्या कुड्यांनी, तर कोणाचा जबडाच तसा असतो. त्यामुळे दुसऱ्याने 'बास दणदणीत' लिहिलं असेल तर ते त्याच्या डोक्यापुरतं खरं समजा.

हे तपासायला मी तानपुरा वापरतो. पेटीच्या काळी एकला लावलेला. मधल्या जोडतारांचा सा म्हणजे साधारण १३९ हर्ट्झ, खर्जाची तार त्याच्या निम्मी, ६९ च्या आसपास. तानपुऱ्याची लबाडी अशी, की खर्जाचा मूळ सूर कानापर्यंत आलाच नाही तरी जवारीच्या (तारेच्या झणकाराच्या) वरच्या स्वरांवरून मेंदू तो स्वतःच भरून काढतो. आपल्याला वाटतं, ऐकू येतोय की! म्हणून दोन्ही वाट्या तळहातांनी हलकेच आत दाबायच्या. दाबल्यावर खर्ज एकदम अंगावर आला, तर इतका वेळ फट होती. काहीच फरक पडला नाही, तर गादी नीट बसलीय. दहा सेकंदांचं काम आहे, दुकानातही करता येतं.

डावी-उजवी बाजू तपासायला जुनी मोनो (दोन्ही कानांत एकच आवाज देणारी) रेकॉर्ड घ्या. मी आमच्या केरीच्या गायिका केसरबाई केरकरांची ७८ आरपीएमची तबकडी लावतो. मोनो आवाज डोक्याच्या बरोब्बर मध्ये उभा राहिला पाहिजे. एका कानाकडे झुकला, तर हेडफोन उलटा घालून बघायचा. झुकाव दुसऱ्या कानाकडे गेला तर दोष हेडफोनात, तिथेच राहिला तर आपल्या कानात किंवा काडीखालच्या फटीत. (बाईंचा आवाज १९७७ साली व्हॉयेजर यानातून अंतराळात गेला. तिकडे काय डोक्यावर घालून ऐकतात देव जाणे.)

बाकीचं सवडीने लिहितो. वीज जायची लक्षणं दिसताहेत.

साउंडवालो (डिचोली)

काडीची गोष्ट लाखाची. मी जत्रा-उत्सवांच्या नाटकांना साउंड देतो. आमचं गणित थोडं वेगळं. चार हातांवर स्पीकर धडधडतोय आणि मला एकट्या ऑर्गनचा माइक ऐकायचाय. त्यासाठी सेनहायझरचा एचडी २५. १९८८ पासूनचं मॉडेल, वजन १४० ग्रॅम, कानाभोवती नाही तर कानावर बसतो. एक वाटी मागे फिरवून एक कान मोकळा ठेवता येतो. आणि प्रत्येक भाग सुटा मिळतो: वायर, गादी, ड्रायव्हर (वाटीतला आवाज काढणारा छोटा स्पीकर), डोक्यावरची पट्टी. वायर गेली तर दोन मिनिटांत नवी.

पण तीन अंकी नाटक संपेपर्यंत कान लाल होतो, हे कबूल. घरी बसून ऐकायला तो घेऊ नये.

सत्तरीची_सून

मला गाण्याबजावण्यातलं काही कळत नाही. मी दिवसाला पाच तास ऑनलाइन शिकवते, जाड काडीचा चष्मा. दुपारपर्यंत कानामागे असं दुखतं की मुलांवर ओरडावंसं वाटतं. मुलांचा काही दोष नसतो. माझ्यासाठी कोणता?

खरजातला_सा

ताई, आवाज जरा बाजूला ठेवा, आधी पकड आणि गादी बघा. पकड म्हणजे दोन वाट्या डोकं किती दाबतात ते. वजन वेगळं, पकड वेगळी. २३० ग्रॅमचा कडक पकडीचा हेडफोन २८५ ग्रॅमच्या सैल हेडफोनपेक्षा जास्त छळतो.

माझ्याकडचे तीन असे: बायरडायनॅमिक डीटी ७७० प्रो (८० ओहमचा), ऑडिओ-टेक्निका एम५०एक्स आणि सोनीचा एमडीआर-७५०६. डीटी ७७० ला मऊ मखमली गाद्या, गोल आणि खोल, कान आत पूर्ण मावतो. वजन २७० ग्रॅम. चष्म्याची काडी मखमलीत रुतते, त्यामुळे ती डोक्यावर कमी दाबते. तुम्हाला पहिला हाच घालून बघा म्हणेन. फक्त त्याला माइक नाही, तो वेगळा लागेल. वायर तीन मीटरची आणि न सुटणारी, टेबलाखाली गुंडाळून ठेवावी लागेल. २०२४ मध्ये कंपनीच्या शंभरीला काढलेल्या ४८ ओहमच्या आवृत्तीत वायर सुटी होते.

पकड सैल करायची युक्ती: रात्री हेडफोन पुस्तकांच्या चळतीवर ताणून ठेवायचा. डोक्याच्या रुंदीपेक्षा बोटभर जास्त, बस. पट्टीत पोलादी पाती असेल तरच हे करा. निव्वळ प्लास्टिक असेल तर सकाळी दोन तुकडे मिळतील.

आणि दुकानात पाच मिनिटं घालून काही ठरवू नका. पहिली पंधरा मिनिटं सगळेच हेडफोन मऊ असतात. मी तिन्हींना पंखा बंद करून एकेक तास दिला. आपल्याकडे श्रावणापर्यंत हवा पिळून काढावी इतकी ओली असते. चाळिसाव्या मिनिटाला रेक्झिनच्या गादीखाली घामाचं तळं साचतं. मखमलीत ते होत नाही, पण मखमल घाम पिऊन बसते आणि चार दिवसांनी वास मारते. सुदैवाने त्या गाद्या काढून धुता येतात. वाळायला मात्र ऊन लागतं, आणि ते कुठून आणायचं तेवढं सांगा.

मांडवीकाठ

धागा छान चाललाय, पण सगळं काडीत आणि घामात अडकलंय. आवाजाला मोजमाप असतं राव. हर्मन या ऑडिओ कंपनीच्या शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी अनेक श्रोत्यांना आंधळ्या चाचण्यांत (काय ऐकतोय ते न सांगता) बसवून बहुतेकांना कसा आवाज आवडतो, खालपासून वरपर्यंत कोणता सूर किती मोठा, त्याची रेषा काढली. एकेजीचा के३७१ (२०१९) त्या रेषेच्या खूप जवळ जातो. ३२ ओहम, २५५ ग्रॅम, फोनवरही चालतो. माझ्या मते विषय इथेच संपतो.

खरजातला_सा

विषय इथे सुरू होतो. ती रेषा गादी नीट बसली असताना मोजलेली. तुम्ही काडी घातलीत की रेषेचं खालचं टोक वाकलं. आणि के३७१ बद्दल चष्मेवाल्यांची नेमकी हीच तक्रार जागोजागी वाचायला मिळते.

दुसरं असं की ती रेषा बहुसंख्यांच्या आवडीची. मला गाणं आवडायला नकोय, त्यातला दोष सापडायला हवाय. घुमट या आपल्या मातीच्या तालवाद्यावरची आरती लावून बघा. मडक्याचं एक तोंड कातड्याने मढवलेलं, दुसरं उघडं, आणि वाजवणारा डाव्या पंजाने ते उघडं तोंड झाकतो-सोडतो. त्याबरोबर आवाज 'घुम्म'वरून 'घोंव'कडे वळतो. हे वळण ऐकू आलं पाहिजे. बास फुगवलेल्या हेडफोनवर फक्त 'धब धब' उरतं, आणि सोबतच्या शामेळाची (काठीने वाजवायच्या तालवाद्याची) काठी त्याखाली गाडली जाते. बंद वाटीत आवाजाला मागे जायला वाट नसते, तो आतच घुमतो. चांगला कारागीर आत कापूस, फोम घालून, बारीक छिद्रं ठेवून ते आवरतो. वाईट हेडफोनवर घुमटाच्या आत बसून घुमट ऐकल्यासारखं होतं.

मांडवीकाठ

बास जास्त वाटला तर इक्वलायझरवर (खालचे-वरचे सूर कमी-जास्त करायच्या सोयीवर) दोन डेसिबल खाली घ्या, हाकानाका. ड्रायव्हर स्वच्छ असेल तर बाकी सगळं दुरुस्त होतं. तुमचा लाडका डीटी ७७० वरच्या सुरांत, ८ किलोहर्ट्झच्या आसपास, किती टोचतो, ते नाही सांगितलंत?

खरजातला_सा

टोचतो. कांसाळं (झांजा) वाजली की डोळे बारीक होतात, आणि गायकाचा 'स' सुईसारखा येतो. खोटं कशाला बोलू? मिक्सिंगला मी तो एकटा कधीच वापरणार नाही. त्यावर 'स' बोथट करत बसलात तर बाहेरच्या स्पीकरवर गाणं सर्दी झाल्यासारखं ऐकू येतं. स्वतः करून पाहिलंय.

७५०६ सुद्धा वरच्या बाजूने उजळच. पण चुका दाखवण्यात तिघांत तोच वरचढ: ओठांची चपचप, पानाची सळसळ, मागून गेलेली स्कूटर. १९९१ पासून तो रेडिओ-टीव्हीच्या लोकांच्या गळ्यात का लटकतो, ते अर्ध्या तासात कळतं. एम५०एक्स मध्ये खर्ज जरा पुढे, ऐकायला मजा, वाट्या ९० अंशांत फिरतात, वायर सुटते. मात्र तिचं हेडफोनकडचं टोक २.५ मिलिमीटरचं, फिरवून अडकवायचं. कोपऱ्यावरच्या दुकानातली कुठलीही वायर त्यात बसणार नाही.

आणि हो, तुलना करताना आवाजाची पातळी सारखी करून घ्या. जो जरा मोठ्याने वाजतो तोच कानाला चांगला वाटतो. मीही आठवडाभर त्याला फसलो.

चोडणचो_भुरगो

दादांनो, मी कॉलेजात आहे. रोज फेरीबोट आणि बस. वायरवाले सांगताय, पण ब्लूटूथचा, नॉइज कॅन्सलिंग (बाहेरचा गोंगाट मारणारा) घेतला तर काय बिघडतं? फेरीच्या इंजिनात काहीच ऐकू येत नाही.

मांडवीकाठ

तुझ्यासाठी तोच बरोबर. नुसती बंद वाटी उंच आवाज चांगला अडवते, पण इंजिनाची घरघर तिच्यातून आत येते. नॉइज कॅन्सलिंगचं बरोबर उलटं. घरघर, पंखा, विमान अशा सतत चालणाऱ्या खालच्या आवाजावर ते उत्तम चालतं. शेजारच्या सीटवर मोठ्याने फोनवर बोलणाऱ्या काकांवर मात्र फारसं नाही. त्यांच्यावर अजून उपाय निघालेला नाही.

खरजातला_सा

प्रवासाला जरूर घे. गायला, वाजवायला नको. ब्लूटूथमध्ये आवाज उशिरा पोचतो. तबल्यावर थाप पडते आणि कानात ती नंतर येते. आमच्याकडे एकाने हट्टाने लावून बघितला, दुसऱ्या आवर्तनात सम हरवली.

आणि आवाज किती ठेवतोस तेही बघ. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब मोठ्यांसाठी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास. फेरीच्या इंजिनावर मात करायला लोक फोन शेवटच्या दांडीपर्यंत चढवतात. बाहेरचा आवाज अडला की तेवढी गरजच पडत नाही.

घरचो_गायक

मी या धाग्यातला शिव्या देणारा मावसभाऊ. :) एक राहिलं. दोन्ही कान झाकले की माझाच आवाज मला डोक्यात भोपळा घातल्यासारखा येतो आणि मी बेसूर होतो. यांचा कुठलाही महागडा हेडफोन मला तसा चालत नाही. मी एक वाटी कानामागे सरकवतो.

खरजातला_सा

आणि ती सरकवलेली वाटी माइककडे तोंड करून पेटी वाजवत राहते. म्हणजे क्लोज्ड-बॅक घेतला काय, न घेतला काय! पहिल्या दिवशी मला कळेचना की गळती कुठून होतेय. हेडफोन बदलला, माइक लांब नेला, खिडकीला गोधडी लावली. मग वाकून बघतो तर भाऊंच्या उजव्या कानामागे वाटी आभाळाकडे तोंड करून तबला वाजवतेय.

उपाय सोपा निघाला. मिक्सरवर पेटी-तबला सगळा डाव्या बाजूला वळवला, उजवी बाजू पूर्ण बंद. आता उजवी वाटी कुठेही ठेवा, ती मुकी. भाऊ मोकळ्या कानाने स्वतःचा आवाज ऐकतात आणि सुरात गातात. झाकल्या कानात आपला आवाज घुमतो तो हाडांतून आत आलेला असतो, बाहेर पडायला वाट नसते म्हणून. त्याला कुठलीही कंपनी काही करू शकत नाही.

पेडणेकर_पण_साखळीचा

मला भलतीच अडचण. जुन्या हेडफोनच्या (नाव नको) गाद्यांचे काळे पापुद्रे सुटताहेत. दशावतार बघून घरी आलो तर बायको म्हणाली, कानाला काजळ कोणी लावलं?

साउंडवालो

हाहा. आमच्याकडे दर दुसऱ्या पावसाळ्यात. ते चामडं नसतंच, कापडावर पॉलियुरेथेनचा थर असतो. हवेतलं पाणी आणि घाम त्या थराच्या रेणूंची साखळी तोडतात, मग पापडासारखे पापुद्रे सुटतात. कपाटात न वापरता ठेवला तरी सुटतात, त्यामुळे 'जपून ठेवला होता' म्हणून रडण्यात अर्थ नाही. मी वापर झाला की सुक्या फडक्याने पुसतो आणि झाकणाच्या स्टीलच्या डब्यात सिलिका जेल (ओल शोषणारे निळे दाणे) टाकून ठेवतो. दाणे निळ्यावरून गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर परतायचे, पुन्हा निळे. त्या तव्यावर नंतर पोळी भाजू नका. एकाने सांगितलं म्हणून तांदूळ ठेवून बघितले होते. दमटपणा होता तसाच राहिला, वर सोंडे झाले. एका वाटीत मुंग्यांनी अंडी घातली होती, ते वेगळंच.

नवीन गाद्या घेताना जुन्यांसारख्याच घ्या. रेक्झिन काढून मखमल बसवली की कानाला आराम पडतो, पण बहुतेक हेडफोनांचा बास पातळ होतो. गादी हा आवाजाचाच भाग.

पेडणेकर_पण_साखळीचा

देव बरें करूं. तवा वेगळा ठेवतो.

चोडणचो_भुरगो

अजून एक. हे ८० ओहम, २५० ओहम काय? फोनवर चालेल का?

मांडवीकाठ

ओहम म्हणजे हेडफोन विजेला किती अडवतो ते. वर आलेली ४८ ची आवृत्ती सोडली तर डीटी ७७० प्रो ३२, ८०, २५० ओहमांत मिळतो. साधारण १ व्होल्ट देणारा डोंगल (फोनला हेडफोन जोडायचा तुकडा) घेतलास तर ८० ओहमला साडेबारा मिलिवॅट मिळतात, २५० ला फक्त चार. दर मिलिवॅटला ९६ डेसिबल धरले, तर पहिला १०७ पर्यंत जातो, दुसरा १०२. म्हणजे २५० सुद्धा अगदी मुका नाही, पण हळू रेकॉर्ड केलेल्या जुन्या मैफली त्यावर पुरेशा चढत नाहीत. ओहम जास्त म्हणजे आवाज भारी, ही अफवा मात्र डोक्यातून काढ.

खरजातला_सा

मांडवीकाठांशी या धाग्यात पहिल्यांदाच पूर्ण सहमत.

सत्तरीची_सून

मग तुम्ही शेवटी कोणता घेतलात, ते सांगा ना. महिनाभर तिघांचे वापरलेत, लोक परत मागत नाहीत का?

खरजातला_सा

भाच्याने काल नेला. बाकी दोघांचे फोन सुरू झालेत.

गायकांसाठी डीटी ७७०, ८० ओहमचा. परवा मागवला. कारण आवाज नाही, कारण एवढंच की तो घालून तासभर गाताना कोणी एकदाही डोकं खाजवलं नाही, आणि माइकमध्ये पेटी आली नाही. मिक्सिंगला माझा जुना ओपन-बॅकच, रात्री दहानंतर, पाऊस थांबला तर. कौलांवर सर आली की तसंही कोणताच हेडफोन उपयोगाचा नाही. ७५०६ चा मोह अजून सुटलेला नाही. चुका शोधायला तसा दुसरा नाही, पण त्याच्या गाद्या माझ्या कानांना उथळ पडतात, कान आतल्या कापडाला टेकतो. तुमचे कान लहान असतील तर माझं ऐकू नका.

ताई, सत्तरीतल्या वाळपईहून फोंड्याला येणं होत असेल तर रविवारी सकाळी या. दोन्ही जोड बुधवारपर्यंत माझ्याकडे आहेत. येताना रोजचाच चष्मा घालून या, बारीक काडीचा ठेवणीतला नको. एक तास बसावं लागेल, पंखा लावणार नाही. चहा आहे.

सत्तरीची_सून

येते. पण पंखा लावा हो.

घरचो_गायक

तो लावणार नाही. मी आइसक्रीम आणतो.